जेवताना समोर भैय्याजी

६ नोव्हेंबर, गुरुवार. नागपूर

माझी बायको मिनल म्हणाली, "तुम्हाले ज्याची ज्याची किळस येईल ते या डायरीत लिहत जा. रोज फोनवर मले सांगू नका." म्हणून ही डायरी. टाइल्सच्या कंपनीने दिवाळीत दुकानात फुकट दिली होती, प्रत्येक पानाखाली वॉशबेसिनचं चित्र आहे. सदरला अठरा वर्षं टाइल्स आणि सॅनिटरीचं दुकान चालवल्यावर माणसाला डाग दिसणारच. त्यात माझा काय दोष?

उद्या चौघं भूतानला निघतोय, मोटारसायकलींवर फिरायला. गाड्या रेल्वे पार्सलने जलपायगुडीला पुढे गेल्या, आम्ही विमानाने मागून जाणार. प्रीतम आमचा कॅप्टन. बँकेत आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा नियम करतो. अश्विन त्याचा मावसभाऊ. हेल्मेटवर कॅमेरा लावून तो फक्त अंघोळच करत नाही. आणि चौथे भैय्याजी.

भैय्याजी साठीचे. खाप्याला त्यांची संत्र्याची बाग आहे. माणूस लाखाचा, पण त्यांच्यासमोर बसून जेवणं ही शिक्षा आहे. अकरा वर्षांपूर्वी डाव्या गालाचं ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा काढला. तेव्हापासून तोंडाचा तो कोपरा मिटत नाही. वरण गळतं, भाताची शितं हनुवटीवर येतात, मग ते रुमालाने टिपतात आणि तोच रुमाल खिशात घालतात. खर्र्याने झालं ते सगळं. दिवसाला वीस खायचे.

मी चार खातो. चार म्हणजे काहीच नाही.

खर्र्याच्या साठ पन्न्या घोटून घेतल्या. सुपारी, तंबाखू, चुना, आपल्या ठेल्यावरचा नेहमीचाच माल. रेनकोटच्या घडीत ठेवल्या. मिनलला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण साठ माहीत नाहीत.

प्रीतमने गाड्यांचा क्रम लावला: पुढे तो, मग अश्विन, मग मी, शेवटी भैय्याजी. सगळ्यात हळू चालवणारा माणूस शेवटी कशाला, म्हणून विचारलं. तर म्हणे भैय्याजींनीच ती जागा मागून घेतली. आता दर दहा किलोमीटरला आरशात त्यांचं हेडलाइट पाहत बसायचं.

९ नोव्हेंबर, रविवार. फुन्शोलिंग

सीमा ओलांडली. या बाजूला हॉर्नचा कल्ला, कमानीच्या त्या बाजूला एकदम शांत. फाटकावर तंबाखूबद्दल विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

आमच्याबरोबर राहणारा वाटाड्या मिळाला, किन्ले नावाचा. गुडघ्यापर्यंतचा त्यांचा तो झगा, पायात लांब मोजे, हिंदी चांगलं. सगळं छान होतं, पण त्याने तोंड उघडलं. पानात ओली सुपारी आणि चुना घालून हे लोक दिवसभर चघळतात. डोमा म्हणतात. वास असा, की नालीवरचं झाकण काढलंय. वर मला प्रेमाने देऊ करतो! शिसारी आली. माणसाने तोंडात असलं काही घालावंच कसं? मी हात जोडले, बाजूला गेलो आणि एक पन्नी फोडली, तेव्हा कुठे बरं वाटलं.

हॉटेलच्या बाथरूममध्ये टाइल्सच्या फटी काळ्या झाल्यात. आरसा मात्र चांगला आहे, बेल्जियम काच.

जेवायला मोमो. भलतेच मोठे करतात इथे. तोंडात मावेनात. अश्विनने सात अख्खे टाकले, मी दोन कुरतडले. भैय्याजी सुरीने प्रत्येकाचे चार तुकडे करून उजव्या बाजूने चघळत होते, लाल चटणी कोपऱ्यातून खाली. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या लक्षात आलं असेल तर येवो.

११ नोव्हेंबर, मंगळवार. थिंफू

रस्ता सुंदर होता असं सगळे म्हणतात. मला धुकं दिसलं.

इथे मिरचीची भाजी करतात, म्हणजे मिरची मसाला म्हणून नाही, मिरचीच भाजी. चीजमध्ये शिजवलेली. एक घास घेतला आणि तोंडात निखारा ठेवल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी. प्रीतम आणि अश्विन मिटक्या मारत होते.

"का बे, सावजीची तर्री वाटीनं पेणारा माणूस तू," प्रीतम म्हणाला, "अन् दोन मिरचीत रडून राहिला?"

"या मिरचीत केमिकल हाय," मी म्हटलं.

"आमच्या ताटातल्या मिरचीत नाई टाकलं मंग केमिकल," अश्विन म्हणाला. हसले दोघं. भैय्याजी हसले नाहीत. माझ्याकडे बघत होते. जेवताना कोणी तोंडाकडे बघितलेलं मला अजिबात आवडत नाही.

वेटरकडून दही-भात मागवला. तोही झोंबला. बहुतेक भांडं धुतलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. पुनाखा

प्रीतमचा नवा नियम: इथे हॉर्न वाजवणं बरं दिसत नाही, म्हणून थांब्यावर गोळा व्हायचं असेल तर तोंडाने शिटी मारायची. डोचुला खिंडीत त्याने मारली, अश्विनने मारली, भैय्याजींनीसुद्धा अर्ध्या तोंडाने फुसफुस का होईना वाजवली. माझी वाजेना. ओठ गोलच होईनात. दहा हजार फुटांवर हवा विरळ असते, तिथे काय वाजणार. पुनाखाला उतरल्यावरही नाही वाजली. दमलो असेन.

उतरताना एक बाई संत्री विकत होती. भैय्याजी बागवाले, ते कसले थांबतात! साल नखाने सोलली, वास घेतला, फोड डोळ्यांसमोर धरली, जणू मुलगी बघायला आले. मग म्हणाले, "आपल्यापेक्षा लहान हाय, पण साखर हाय गा नुसती. घे."

मी एक फोड तोंडात टाकली आणि थुंकून दिली. ॲसिड! गालाच्या आतून आग झाली. "सडकं हाय," मी म्हटलं.

भैय्याजींनी त्याच संत्र्याची दुसरी फोड खाल्ली. रस त्यांच्या हनुवटीवरून ओघळला. "गोड हाय, सुशील," ते हळूच म्हणाले. "कधीपासून झोंबते तुले?"

काय झोंबते? संत्र्यालाच विचारा म्हणावं. मी हेल्मेट घातलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. फोबजिखा

आज प्रीतमचा दिवस होता. फोबजिखाच्या खोऱ्यात शिरताना, गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला एक पांढराशुभ्र स्तूप लागला, इथे त्याला चोर्तेन म्हणतात. प्रीतमचे आजोबा धोंडबा आणि आजी तुळसाबाई यांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. आजी जायच्या आधी प्रीतमला म्हणाली होती, बुद्धाच्या देशात गेलास तर माझ्या नावाची मेणबत्ती लाव. आजीच्या मते नागपूरच्या पलीकडे सगळा बुद्धाचाच देश होता. त्याने दोन मेणबत्त्या सीताबर्डीहून घेऊन थेट इथपर्यंत आणल्या होत्या. वाऱ्याने विझत होत्या. तो आणि अश्विन हात आडवे धरून बसले. प्रीतमच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

मला उगाच मधे उभं राहणं बरोबर वाटलं नाही. तोंडही भरलं होतं. मी बाटलीत थुंकतो, ही माझी शिस्त आहे, पण बाटली काठोकाठ झाली होती. मागच्या बाजूला गेलो. भिंतीपासून दोन हातांवर नाली आहे. वाकून नीट नालीत थुंकलो, पाण्याने चूळ भरली. कोणाला कळलंही नाही.

अश्विन स्तूपासमोर नाचत व्हिडिओ करत होता, प्रीतमने झापल्यावर थांबला. कुठे आलोय, काय करतोय, याचं भान नाही लोकांना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. फोबजिखा

आज जे झालं ते लिहायचीसुद्धा किळस येते.

सकाळी किन्लेला फोन आला. स्तूपाची देखरेख करणाऱ्या म्हातारीने बोलावलं होतं. एम. एच. ३१ च्या चार गाड्या तिने पाहिल्या होत्या. गेलो. मागच्या पांढऱ्या भिंतीवर, कंबरेच्या उंचीवर, तांबडी पिंक! एक नाही, शिंतोडे उडालेले, हातभर पसरलेले, खाली ओघळ. आणि पुढच्या बाजूला प्रीतमच्या आजीच्या मेणबत्त्यांचं मेण.

प्रीतम नुसता बघत राहिला.

किन्ले म्हणाला, "डोमा हम भी खाता है. ये अम्मा साठ साल से खाता है. दीवार पे कोई नहीं थूकता."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहजिक आहे, रोजचा खाणारा मीच. पण मी बाटली काढून दाखवली. मी नालीत थुंकलो होतो, मला माहीत आहे ना! मी सरळ अश्विनचं नाव घेतलं. तोही कधीमधी पन्नी मागून खातो, आणि मागच्या बाजूने तोच व्हिडिओ काढत फिरत होता.

"माझं नाव काहून घेऊन राहिला बे?" तो अंगावर आला. मी त्याची कॉलर धरली. किन्ले मधे पडला.

तेव्हा भैय्याजी म्हणाले, "म्या थुकलो."

मी अश्विनची कॉलर सोडली.

"मोह झाला," ते म्हणाले. "सुशीलच्या ब्यागेतली एक घेतली. तोंडाचा कोपरा मिटत नाही, तं उडालं भिंतीवर. चूक झाली, प्रीतम."

अश्विनने त्यांच्याकडे बघितलं आणि खिशातून अर्धा काढलेला मोबाईल परत आत ठेवला.

अकरा वर्षं! ऑपरेशनच्या दिवसापासून शिवलो नाही म्हणून सांगत होते सगळ्यांना. दर कार्यक्रमात पोरांना लेक्चर देतात. आणि माझ्या बॅगेतून चोरून! रात्री पन्न्या मोजायच्या म्हणून मनात आलं, पण मी स्वतःच किती खाल्ल्या त्याचा हिशोब कुठे आहे.

म्हातारी घरातून चुन्याची बादली आणि झाडाच्या काड्यांचे दोन कुंचे घेऊन आली. भैय्याजी पुढे झाले, पण तिने मान हलवली आणि चौघांकडे बोट केलं. किन्लेने सांगितलं, "बोलता है, एक साथ आया, एक साथ पोतेगा." म्हणून चौघांनी आळीपाळीने भिंत घासून धुतली आणि तीन हात चुना दिला. दुपार गेली. भैय्याजी कुंचा मारता मारता लाळ पुसत होते. माझ्या वाट्याला ओघळ आले. दुसऱ्याची घाण आपल्या हाताने पुसायची, यापेक्षा वाईट काय असतं?

प्रीतमने भैय्याजींच्या हातचा कुंचा घेतला नाही. खाली ठेवायला लावला, मग उचलला.

१५ नोव्हेंबर, शनिवार. थिंफू

प्रीतम भैय्याजींशी बोलत नाही. सकाळी क्रम सांगतानासुद्धा "शेवटची गाडी" म्हणाला, नाव घेतलं नाही. जेवायला भैय्याजी आपलं ताट घेऊन बाहेर पायरीवर बसले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, समोर कोणी गळत नव्हतं. तरी जेवण गेलं नाही. भाताचा घाससुद्धा चमच्याने बाजूने सरकवून घालावा लागतो. थंडीने जबडा आखडलाय.

प्रीतम एवढंच म्हणाला, "माझ्या आजीची जागा होती ती. कोणी दुसरा असता तं मी मारलं असतं. म्हाताऱ्याले काय मारू?"

१६ नोव्हेंबर, रविवार. पारो

अश्विन खोलीत आला. दार लावलं. दोन दिवस तो माझ्याशीही बोलला नव्हता. मला वाटलं, कॉलर धरली त्याचा राग असेल.

"हे पाह्य," म्हणाला आणि मोबाईल पुढे केला.

गुरुवारचा व्हिडिओ. अश्विन नाचतोय, मागे पांढरा स्तूप, आणि स्तूपाच्या कोपऱ्यावरून, अर्धा दिसणारा मी. वाकलो. ओठ पुढे केले. ओठ उघडतच नाहीत. नुसती एक फट. त्या फटीतून तांबडं पाणी सरळ न पडता फवाऱ्यासारखं बाजूला उडतं, भिंतीवर, माझ्याच जॅकेटच्या बाहीवर, हनुवटीवर. मी हनुवटी पालथ्या हाताने पुसतो, चूळ भरतो, तीही हनुवटीवरून. मग कोणी पाहिलं नाही ना म्हणून दोन्हीकडे बघतो आणि समाधानाने निघून जातो.

पाच वेळा पाहिला. ओकारी आली. भैय्याजी माझ्यापेक्षा नीट जेवतात.

"दाखवला काहून नाही तेव्हाच?" मी विचारलं.

"बाहेर काढत होतो तं भैय्याजीनं डोळ्यानं नाही म्हटलं. मंग मले सांगतलं, डिलिट कर. म्या नाही केला. प्रीतमदादा माझा भाऊ आहे, सुशील. म्हाताऱ्याले तो जे करून राहिला ते मले पाहवत नाही. आता तू पाह्य काय करायचं ते."

तो गेल्यावर जॅकेटची बाही बघितली. डाग होता. चार दिवस अंगावर होता, आणि मी हॉटेलांच्या टाइल्सच्या फटी तपासत होतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार. पारो

पहाटे भैय्याजी अंगणात गाडीची चेन पुसत होते. मी जाऊन उभा राहिलो. विचारलं, "काहून घेतलं तुम्ही अंगावर?"

"तू अश्विनची कॉलर धरली होती गा," ते म्हणाले. "आणखी दोन मिनिटं गेली असती तं बारा वर्षांची दोस्ती गेली असती. माझं काय? माझ्याकडे तसंही कोणी पाह्यत नाही जेवताना."

मी खाली बघितलं.

"मले राग नाही त्याचा," ते म्हणाले. "म्या बी पाह्यलं नसतं. बस इथं. बोटं दाखव." त्यांनी स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरली. "अशी. घाल तोंडात."

"कशाले?"

"घाल म्हणतो ना."

घातली. दोनच गेली, दुसऱ्याचं नख दाताला घासलं. तिसरं शिरेना. जोर लावला तर कानाजवळ कळ आली.

"माझी तेव्हा दोन जात होती," भैय्याजी म्हणाले. "म्हटलं, थंडीनं आखडलं असन. मंग मिरची झोंबे. मंग संत्रं. माझ्या बागेतलं संत्रं मले झोंबे, अन् मी मजुरायले शिव्या देत होतो का तुम्ही फवारणी चुकवली म्हणून. दीड बोटावर आलो तेव्हा गेलो डाक्टरकडे. तोवर गाठ होती. म्हणून मागे मागे चालवत होतो तुह्या. दर तीस किलोमीटरले तू थांबे, अन् म्या मोजत होतो."

मला वाटत होतं म्हातारा हळू चालवतो.

खूप भीती वाटली. लिहून ठेवतो, कारण मिनलला फोनवर सांगता येणार नाही. मला वाटलं त्याच अंगणात मी मरणार आहे. मी रडलो. भैय्याजींनी खिशातला तोच रुमाल काढून दिला आणि मी तो तोंडाला लावला.

मग म्हणाले, "प्रीतमले सांगायचं का नाही, तुझं तू पाह्य. माझं काही अडलं नाही."

नाश्त्याला सांगितलं. प्रीतम अंडं सोलत होता. मी म्हटलं, "स्तूपावर मी थुंकलो होतो. भैय्याजी खोटं बोलले. व्हिडिओ हाय." त्याने अंडं ताटात ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. उठला, बाहेर पायरीवर गेला, भैय्याजींच्या पायाशी वाकला आणि त्यांच्या बाजूला बसला.

माझ्याशी तो दिवसभर बोलला नाही. बरोबरच आहे.

रेनकोटमधल्या उरलेल्या पन्न्या काढल्या, बावीस निघाल्या. हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तासाभराने एक परत काढली. मग पुन्हा टाकली आणि वरून चहाचा उकळलेला चोथा ओतला. हेही लिहून ठेवतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार. नागपूर

परतीच्या वाटेवर प्रीतम कामापुरतं बोलला. "पेट्रोल भर." "थांब." त्यापलीकडे नाही.

आज दवाखान्यात गेलो. मिनल बरोबर होती. डॉक्टरणीने पट्टीने मोजलं. तोंड बावीस मिलिमीटर उघडतं. गालाच्या आत पांढरे पट्टे आले आहेत, चामडं कडक झालंय, त्याचं नाव तिने सांगितलं. एका जागी पट्ट्याशेजारी तांबडं दिसलं, तिथला तुकडा काढून तपासायला पाठवला. "हे पट्टे जातात का?" मिनलने विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, "आता खाणं बंद केलं तर पुढे वाढायचं थांबू शकतं, व्यायामाने थोडं उघडेल. बाकी रिपोर्ट आल्यावर." रिपोर्ट गुरुवारी.

घरी येऊन मिनलने वरण-भात मऊ कालवून दिला. दहा वर्षांपूर्वी भैय्याजींच्या बायकोने त्यांना असा कालवून दिलेला मी पाहिला होता आणि जेवण टाकून उठलो होतो.

खर्रा सोडून आज सातवा दिवस. दुकानात गिऱ्हाईकावर ओरडलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. नागपूर

रिपोर्ट साडेदहाला मिळणार. मिनल म्हणाली, मी येते. मी म्हटलं, एकटा जातो, तू नको. मग म्हटलं, ये. मग परत म्हटलं, नको. तिने वैतागून डायरी हातात दिली.

नऊ वाजता खाली गाडीचा आवाज. खिडकीतून बघितलं तर भैय्याजी. खाप्याहून एवढ्या सकाळी, कानाला मफलर, गाडीला पुढे संत्र्यांची पिशवी. वर आले, मिनलच्या हातचा चहा बशीत घेतला, थोडा सांडला, पुसला. मी समोरच बसलो होतो.

"चल," म्हणाले. "गाडी काढ."

"दहा मिनिटांचा रस्ता हाय, भैय्याजी. दोघं एकाच गाडीवर जाऊ."

"नाही. तुही तू काढ. मी मागं हाव."

खाली उतरलो तर फाटकाशी प्रीतम उभा होता, हेल्मेट घालून, गाडी चालू. त्याच्या मागे अश्विन, आज कॅमेरा नाही. दहा दिवसांत प्रीतमने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. गिअर टाकला आणि पुढे झाला.

आता इथे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. सदरच्या चौकातून आम्ही तसेच आलो, पुढे प्रीतम, मग अश्विन, मग मी, आणि आरशात शेवटपर्यंत भैय्याजींचं हेडलाइट. नंबर आला की हाक मारतील. भैय्याजी माझ्या बाजूला संत्रं सोलत आहेत.